घड्याळाचं मागचं झाकण

घड्याळ दुरुस्त करणं वेगळं आणि घड्याळाची केस दुरुस्त करणं वेगळं, हे मी जालन्याच्या मस्तगड भागातल्या एकाही माणसाला आजवर समजावू शकलेलो नाही. आतलं यंत्र ठणठणीत असतं, पण त्याच्याभोवतीचं धातूचं कवच खरचटतं, काळवंडतं, त्याच्या कडा झिजतात. त्या कवचाला पुन्हा मूळ रूप देणं ही एक कला आहे. परदेशात या कलेत माणसं जन्म घालवतात आणि त्यांचे व्हिडिओ लाखो लोक श्वास रोखून पाहतात. जालन्यात मी हे सांगायला लागलो की समोरचा माणूस मनगट पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊसाहेब, तेवढा सेल टाकून देता का?" मी भाऊसाहेब, म्हणजे कारकून, नाही. मी कार्यालय अधीक्षक आहे आणि माझ्या हाताखाली सात भाऊसाहेब आहेत. पण तो मुद्दा सोडून देऊ.

हे काम मी अंगावर घेतलं ते सासऱ्यांमुळे. माझे सासरे आबाराव हसनाबादला असतात. त्यांच्याकडे शेती आहे, दोन एकरांपलीकडे पोचणारा आवाज आहे आणि माझ्याविषयी एक पक्कं मत आहे. बावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात, जावई म्हणून अनारसे खाऊन झाल्यावर मी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला गेलो होतो. त्यानंतर गावचा ट्रान्सफॉर्मर नऊ दिवस बंद होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे हे वायरमनलासुद्धा सिद्ध करता आलेलं नाही, पण आबांना पुरावा लागत नाही. तेव्हापासून त्यांच्या घरी मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला तरी ते ओट्यावरून ओरडतात, "पाव्हणे, ऱ्हाऊ द्या! सूरज लावील." सूरज म्हणजे माझा मेहुणा. चाळीस वर्षांचा घोडा. त्याला पंखा लावता येतो याचं त्या घरात केवढं कौतुक.

यंदा वैशाखात आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. सूरजनं अंगणात मांडव, पाहुण्यांना जेवण आणि दोघांचा सत्कार असा बेत ठरवला होता. मी मनाशी एकच ठरवलं होतं. त्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, आबांनी एकदा म्हणायचं, "पाव्हण्यांनी काम बराबर केलं." बस्स. बावीस वर्षांत मी सासरकडे दुसरं काहीही मागितलेलं नाही. लग्नात अंगठी बोटाला सैल झाली होती, तेव्हाही मी चकार शब्द काढला नव्हता.

घड्याळ मला सासूबाईंनी दिलं. जयवंताबाईंच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं, हातानं चावी द्यायचं जुनं घड्याळ. आबांच्या हातात ते चाळीसेक वर्षं होतं, मग बंद पडलं म्हणून पेटीत गेलं. मी नवं करून आणतो, समारंभात आबांना चकित करू, असं म्हटल्यावर सासूबाईंनी ते फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "यांला सांगू नका बरं का." घरी येऊन उघडून पाहिलं तर घाम, माती आणि वंगण यांचा असा थर बसलेला होता की आत घड्याळ आहे हे काट्यांवरून ओळखावं लागत होतं.

जुन्या बाजाराकडे एका जिन्याखाली काचेची पेटी मांडून कचरू बसतो. जालन्यात जुन्या घड्याळांचं ज्याला कळतं असा हा एकच माणूस, आणि त्याचा त्याला फार गर्व आहे. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, आत फुंकर मारली.

"मशीन जित्तं हाय," तो म्हणाला. "तेलपानी करून देतो. केस मातर मेली. दुसरी टाकू."

"केस हीच ठेवायची. ती मी स्वतः घासून नवी करणार आहे."

कचरूनं भिंग काढलं आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

एका शब्दात एवढा अपमान भरता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी रिकामी केस, मागचं झाकण आणि माझा स्वाभिमान असे तिन्ही जिन्नस खिशात घालून बाहेर पडलो. मशीन त्याच्याकडे ठेवलं.

गॅलरीत मी पाट मांडून बसलो तसं पहिल्याच दिवशी आळीला कळलं. खालच्या मजल्यावरच्या गिरिजाबाई दोरीवरचे कपडे काढता काढता वर पाहून म्हणाल्या, "चिच लावा की. मी देवाची भांडी चिचंनंच घासते." मी त्यांना शांतपणे सांगितलं की हे तांब्या-पेला नव्हे. यासाठी चारशे, आठशे आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, मग बफ म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, मग त्याला लावायची साबणवडी असा शास्त्रशुद्ध क्रम असतो. त्या म्हणाल्या, "असंल बापा," आणि आत गेल्या. शेजारचा राधेश्याम मात्र आत जाणाऱ्यांतला नाही. त्याचं खाली रस्त्यावर भांड्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की तो माझ्या गॅलरीत असतो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा नसतं.

"साहेब, अख्ख्या महाराष्ट्राला सळई पुरवनारं गाव आपलं," तो म्हणाला. "आन तुम्ही रुपयाएवढी डबी घासून राह्यले? मिलमधे देऊन टाका. जल्दी काम होतं."

रोलिंग मिलमध्ये घड्याळ दिल्यावर त्याची किती फूट सळई होते हे मी त्याला विचारलं नाही, कारण त्यानं गंभीरपणे हिशोब केला असता.

गिरिजाबाई देवळात गेल्याचं पाहून मी चिंच लावली. दोन मिनिटांत अर्धा मळ उतरला. याची वाच्यता मी आज इथे पहिल्यांदाच करतो आहे.

मग पेपर. व्हिडिओतला तो गोरा माणूस हळुवार हातानं असा चार वेळा पेपर फिरवतो आणि पाचव्या वेळी केस लखलखते. मी चार दिवस फिरवला. पाचव्या दिवशी पट्टा अडकवायच्या चारही शिंगांवर आतलं पितळ दिसायला लागलं. केस पितळेची होती आणि वर नुसता चंदेरी मुलामा होता, हे त्या गोऱ्या माणसानं आधी सांगायला काय हरकत होती? संध्यानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते पाहिलं आणि म्हणाली, "आबांचं घड्याळ चांदीसारखं होतं ना?" मी म्हणालो, होणार. तिनं एक उसासा टाकला. हा उसासा तिनं माहेराहून आणला आहे.

मुलामा पुन्हा चढवायचा तर क्रोमवाला हवा. गावाबाहेर एका शेडमध्ये असा क्रोमवाला सापडला. तो मोटरसायकलचे सायलेन्सर चमकवतो. घड्याळाची केस त्यानं चिमटीत धरली, इकडेतिकडे फिरवली आणि विचारलं, "ह्याची गाडी कुठंय?" मी त्याला सविस्तर समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि माझी केस एका बुलेटच्या सायलेन्सरच्या शेजारी, त्याच हौदात, तेवढाच वेळ लटकवली. जेव्हा ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर पावसाळी रस्त्यांवर दहा वर्षं टिकेल एवढा मुलामा होता. कचरूनं त्यात मशीन बसवायचा प्रयत्न केला तर बसेना. त्यानं आतून कानसीनं घासलं, तेव्हा कुठे अंग चोरून बसलं.

"लई घट्ट झालंय," कचरू म्हणाला. "कवा बी थांबल. मंग मला बोलू नका."

वरचा मुलामा दिसायला मात्र ढेकळासारखा खरबरीत होता. तो गुळगुळीत करायला फिरतं बफ हवं, आणि तसं यंत्र मला माहीत होतं ते एका सरकारी कार्यशाळेत. एखादा सामान्य माणूस तिथे जाऊन कोणाच्या तरी हातावर चहा ठेवून काम करून घेईल. मी सरकारी माणूस. मी रीतसर अर्ज केला. विषय: हातघड्याळाचे बाह्य कवच चकचकीत करून घेणेकामी बफ यंत्र वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: निरंक. असा सुबक मसुदा त्या कार्यशाळेच्या आवकेत स्थापनेपासून आला नसेल. आठ दिवसांनी तिथल्या मच्छिंद्र नावाच्या लिपिकानं तो मला परत दिला.

"घड्याळ कोनाचं हाय?"

"माझ्या सासऱ्यांचं."

"मंग मालकाचं संमतीपत्र लागंल. आन मालकी असल्याचा पुरावा."

"पन्नास वर्षांपूर्वी लग्नात मिळालेल्या घड्याळाचा पुरावा कुठून आणू?"

"पंचनामा करा," मच्छिंद्र म्हणाला. "दोन पंच आना, लग्नातले."

या माणसाला साधा शेरा लिहिता येत नाही. 'त्रूटी' लिहितो. पण नियमाचा माणूस दुसऱ्या नियमाच्या माणसापुढे बोलणार काय? संमतीपत्र मी स्वतःच तयार केलं, 'मालकाच्या वतीने' अशी स्वतःचीच सही केली, साक्षीदार म्हणून राधेश्यामचा अंगठा घेतला. राधेश्यामला सही येते. पण अंगठा जास्त वजनदार दिसतो असं त्याचं म्हणणं पडलं.

याच सुमारास हसनाबादेत वेगळीच भानगड झाली. आबांनी कशासाठी तरी पेटी उघडली आणि घड्याळ नाही! सूरजचा फोन आला की चोरी झाली, आपण चौकीत तक्रार देतोय. शासकीय सेवेतला माणूस, चोरीचा माल खिशात, आणि वर खोटं संमतीपत्र कार्यशाळेच्या आवकेत. सासूबाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. पण दुसऱ्या दिवशी संध्यानं बातमी आणली की तक्रार द्यायची नाही असं आबांनीच सांगितलं. चौकीतल्या माणसानं, घड्याळाची काही खूण, काही नाव वगैरे आहे का, असं विचारलं होतं. त्यावर आबा एकदम उठले आणि म्हणाले, "खून-बिन काय न्हाई. गेलं तर गेलं. चला घरी." मला ते फार लागलं. ज्या घड्याळासाठी मी बोटांची सालं काढून घेतली, त्याची या माणसाला एवढीच किंमत!

शेवटी एका बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला बफ मिळालं, वीस मिनिटांसाठी, मच्छिंद्रच्या देखरेखीखाली. कशी झाली असेल केस? उगाच स्वतःची स्तुती कशाला करू, पण मच्छिंद्रनं स्वतःचं घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे बी करता का?" केस अकरा मिनिटांत झाली. उरलेल्या नऊ मिनिटांत मी मागचं झाकण घेतलं. ते पोलादाचं होतं. चिंचेनं वरचा मळ गेला होता, खाली मला नुसते आडवेतिडवे ओरखडे दिसत होते. ओरखडा हा माझा शत्रू. चष्म्यावर बफचं तेल उडतं म्हणून मी चष्मा काढून ठेवला होता. आधी खरखरीत पेपर मारला, मग बफ, मग पुन्हा बफ. झाकणाचा आरसा झाला. त्यात पाहून मी भांग पाडला.

घरी आल्यावर ते मी संध्यासमोर धरलं. तिनं पाहिलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"आणि नाव?"

"कसलं नाव?"

"मागे नाव होतं ना. आजोबांनी ठोकून घेतलं होतं लग्नाआधी. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे."

"काय नाव होतं? वाचलं होतंस ना?"

"तेव्हा मला वाचता येत नव्हतं," संध्या म्हणाली. "आणि वाचता यायला लागल्यावर आबांनी ते कधी हातातून काढलंच नाही. आंघोळीलासुद्धा."

आंघोळीलासुद्धा न काढलेलं नाव मी नऊ मिनिटांत पुसून टाकलं होतं. पुरावा म्हणून मोबाइल पाहिला. तबकडीचे मी चौदा फोटो काढले होते, चार कोनांतून चावीचे, एक तर नुसत्या पट्ट्याच्या पिनचा. मागच्या झाकणाचा एकही नाही. आबा ओट्यावर उभे आहेत, हातात ते गुळगुळीत झाकण आहे, समोर दीडशे पाहुणे आहेत आणि आबा म्हणताहेत, "म्हनलं व्हतं ना, ह्या मानसाला हात लावू देऊ नका," हे दृश्य मला भरदुपारी दिसायला लागलं.

सासूबाईंना फोन केला. घरात दुसरं कोणी नाही ना याची खात्री करून सगळं सांगितलं.

"पुरं गेलं का?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण. माझं चुकलं. पण काय लिहिलं होतं तेवढं सांगा, मी अगदी जसंच्या तसं परत घालून घेतो."

मग त्या म्हणाल्या, "चि. आबाराव. खाली हसनाबाद. तसंच टाका."

"नक्की एवढंच होतं?"

"एवढंच. आन जावईबापू, खोल टाका. पुसाया न्हाई पायजे."

हा टोमणा मी मुकाट्यानं गिळला.

आता नाव घालायचं कोणाकडे? ज्यानं मला तीन महिने सल्ले दिले त्याच्याकडेच जाणं आलं. भांड्यावर नाव घालण्यात राधेश्यामचा हात धरणारा मस्तगडात कोणी नाही. या भागातल्या निम्म्या कळशा आणि झाडून सगळे लग्नातले डबे त्याच्या हाताखालून गेले आहेत. मी झाकण पुढे करून झालेला प्रकार सांगितला तसा तो एकदम वेगळाच माणूस झाला. गादीवर नीट बसला, चष्मा पुसला.

"ठोकून टाकू का मशीननं?"

"ठोकून म्हणजे?"

"छिन्नीनं. आमचे बाबूजी ठोकून टाकायचे. जुनं नाव तसंच व्हतं असंल." त्यानं झाकण जिभेनं ओलं केलं आणि उजेडात धरलं. "पन हे पातळ हाय. पोचा यील. मशीननं टाकतो, पन टिंबटिंब टाकतो. जुन्यावानी दिसंल. बोला. सप्रेम भेट कोनाकडून?"

"सप्रेम भेट नको. फक्त चि. आबाराव, हसनाबाद."

"असं कसं? देनाऱ्याचं नाव न्हाई तर लोकाला कळंल कसं कोनी दिलं?" राधेश्याम खरोखर दुखावला. "साहेब, चमच्यावर बी लोक देनाऱ्याचं नाव टाकतेत. तुम्ही एवढा खर्चा केला, एवढी मेहनत केली. तुमचं नाव टाकतो बारीकमधे, कडंनं."

खरं सांगतो, एक क्षणभर मला मोह झाला. कडेनं बारीक अक्षरांत, 'कार्यालय अधीक्षक' सह. पण मी आवरलं. राधेश्यामनं ओठ मुडपले आणि सुई चालू केली. घर्र आवाजात चि. आला, आ आला. तो मधूनच थांबून "आबाराव म्हंजे राव जोडून का तोडून" असलं काहीतरी विचारून माझा जीव घेत होता. वीस मिनिटांनी त्यानं झाकण फुंकून माझ्या तळहातावर ठेवलं. अक्षर सुंदर होतं. या माणसाविषयी आयुष्यात पहिल्यांदाच माझं बरं मत झालं आणि त्यानं लगेच, "आता याच्यावर एकदा चिच मारा," असं म्हणून ते घालवलं. कचरूनं मशीन, काच, झाकण सगळं बसवून दिलं. घड्याळ चालू लागलं.

समारंभाच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबलो तेव्हा मी डबी उघडून पाहिली. दहा वाजून बारा मिनिटं. हसनाबादला पोचून पाहिली. दहा वाजून बारा मिनिटं. कानाला लावलं, हलवलं, चावी दिली, नवसही बोललो. कचरूचं तेवढं खरं झालं.

मांडवात आबा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते, शेजारी जयवंताबाई नव्या लुगड्यात. सत्कार झाले, शाली झाल्या, टॉवेल-टोप्या झाल्या. मग सूरजनं माझं नाव पुकारलं. माझं भाषण तयार होतं, चार मिनिटांचं, पण डबी हातात देताना मी ते पार विसरलो. आबांनी डबी उघडली. मी पाहत होतो त्यांच्या तोंडाकडे. आनंद होईल, निदान चकित तरी होतील! त्यांचा चेहरा पडला. केस पाहिली नाही, काच पाहिली नाही, माझे तीन महिने पाहिले नाहीत. त्यांनी झटकन घड्याळ मुठीत धरलं आणि मूठ उपरण्याखाली नेली.

"हे कुठून आनलं?" हळू आवाजात. आबांना हळू आवाज आहे हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

"आईंनी दिलं होतं. मी नवं केलं."

उपरण्याखाली त्यांचा अंगठा झाकणावरून फिरताना दिसत होता. फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्यांनी घड्याळ बाहेर काढलं, सूरजकडून चष्मा मागून घेतला आणि झाकण डोळ्यांसमोर धरलं.

"पाव्हणे, हितं जे व्हतं ते कुठंय?"

संपलं होतं. मी सगळं सांगितलं. पेपर, बफ, न लावलेला चष्मा, नऊ मिनिटं. 'अनवधानाने' हा शब्द मी बहुधा तीन वेळा वापरला.

"पुरं गेलं?"

"पूर्ण."

"भिंग लावून पाह्यलं का कोनी?"

"कचरूनं पाहिलं."

"एक रेघ बी न्हाई ऱ्हायली?"

"नाही," मी म्हणालो आणि मान खाली घातली. संध्या माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, एवढं मात्र सांगायला हवं.

आबांनी मला सोडून बायकोकडे तोंड वळवलं. "हे नाव तू सांगितलं का यांला?"

"मंग कोनाचं सांगू?" जयवंताबाई म्हणाल्या.

आबा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग फेटा हलेपर्यंत. सूरज घाबरून पाणी घेऊन आला. ते बाजूला सारून आबा मांडवाला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागले.

"हिची सुपारी आधी वाटूरच्या रामप्रसादसंगं फुटल्ती. सासऱ्यानं त्याच्यासाठी हे घड्याळ घेतल्तं आन मागं नाव ठोकून घेतल्तं, चि. रामप्रसाद. तर तो म्हने, रेडिओ बी पायजे. मोडलं लगीन. मंग मी आलो, मी काय बी मागितलं न्हाई. सासऱ्यानं तेच घड्याळ माझ्या हातात बांधलं. म्हने, नाव खालच्या अंगाला हाय, कोन पाह्यतंय? नवरदेवानं भांडावं का? बांधलं. काढलं की कोनी तरी वाचंल, म्हून पोरं वाचाया लागल्यावर कवा काढलं न्हाई. चाळीस वर्सं त्या रामप्रसादला मनगटाला बांधून फिरलो. हिला ठावं व्हतं, मला ठावं व्हतं. एकदा बी बोल्लो न्हाई आमी."

परतूरकडे जाताना वाटूर फाट्यावर गाडी थांबली की सगळे चहाला उतरतात आणि आबा आत बसून राहतात. मी त्यांना इतकी वर्षं चिक्कू समजत होतो. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मला मुळीच आवडलं नाही, कारण मी तिथे दुसऱ्या कामासाठी आलो होतो.

आणि तेवढ्यात ते झालं. आबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दीडशे माणसांना सांगितलं, "बावीस वर्सांत ह्या पाव्हण्यानं एक काम बराबर केलं!"

मांडवानं टाळ्या वाजवल्या. जे काम लपवण्यासाठी मी महिनाभर पळत होतो, त्याचं कौतुक. चिंच, पितळ, सायलेन्सर, मच्छिंद्र, त्या आरशासारख्या केसबद्दल अवाक्षर नाही. तरीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते मांडवातल्या धुरावर ढकललं. धूर नव्हता.

आबांनी घड्याळ मनगटावर ठेवलं आणि पट्टा आवळला. उलटं. तबकडी खाली कातडीला, झाकण वर उजेडात.

"आबा, उलटं झालं," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणे."

मी तीन महिने घासलेली बाजू अशा रीतीनं आत गेली, ती तशीच आहे. घड्याळ राजूरपासून बंद आहे हे अजून कोणालाही ठाऊक नाही, आणि आता ते कळायचं काही कारणही उरलेलं नाही. पंगत बसायच्या वेळी, सासूबाई उठून आत गेल्यावर, सूरज वाढप्यांना हाका मारत आला आणि त्यानं सवयीनं विचारलं, "आबा, किती वाजले?"

आबांनी मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. "वाच."

"चि. आबाराव," सूरजनं वाचलं.

"मोठ्यानं वाच," आबा म्हणाले. "आत तुझी माय बसली, तिला ऐकू जाऊ दे."